खोकी वळची, आवाज खोलीचा

ठाण्याहून काशेळी, काल्हेर करत पूर्णा गाठलं आणि वळकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊन सुरू होतात. मुंबई महानगरातल्या घरांत पोचणारे टीव्ही, फ्रीज, साऊंडबार यांतले कित्येक आधी भिवंडीच्या या पट्ट्यात मुक्काम करून जातात. त्यामुळे इथल्या पोरांना ब्रँड, मॉडेल नंबर आणि सेलमधला भाव तोंडपाठ असतो. खोक्यावर जे छापलेलं नसतं, त्याबाबत मात्र वळ काय आणि वरळी काय, सगळीकडे सारखाच गोंधळ आहे.

माझ्या ओळखीतल्या एका घराचंच सांगतो. मुलगा गोडाऊनमध्ये सुपरवायझर, वडील तीस वर्षं यंत्रमागावर काम करून घरी बसलेले. मुलाने जुना साऊंडबार काढून पाच स्पीकर आणि सबवूफरचा संच आणला. पहिल्याच रात्री सिनेमातली गाडी उडाली तशी खिडकीची तावदानं थरथरली, घर खूश झालं. वडील मात्र म्हणाले, "काय बोलतान त कलत नाय." मुलाने आवाज वाढवला. स्फोट वाढले, बोलणं तेवढंच राहिलं.

संवाद कळत नसले की आवाज वाढवायचा, हा पहिला गैरसमज. पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा 5.1 संचात माणसांचं बोलणं बहुतांशी मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. सगळा आवाज वाढवला की बोलण्यासोबत पार्श्वसंगीत आणि धडामधुडूमही वाढतं, प्रमाण तेच राहतं. सेटिंगमध्ये एकट्या सेंटरची पातळी तीन-चार डेसिबलने वर नेता येते. तो स्पीकर टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला असेल तर पुढच्या कडेला ओढावा आणि त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित उचलावं.

संवाद न कळण्याला भिवंडीपुरतं आणखी एक कारण आहे. धोट्याच्या मागांच्या कारखान्यात आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि रोज आठ तासांसाठी 85 ही धोक्याची रेषा मानतात. अशा आवाजात वर्षं काढली की कान आधी उंच स्वरांत, 4000 हर्ट्झच्या आसपास, मंदावतात. 'स', 'त', 'क' अशा व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा याच भागात असतो. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्याच्या कानांसाठी चांगला सेंटर स्पीकर हा त्या संचातला सगळ्यात कामाचा डबा. सबवूफरवर वाढीव दहा हजार घालण्याआधी घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी बसवून एक बातमीपत्र ऐकावं. आणि कानांची तपासणीही करून घ्यावी, तिला स्पीकर हा पर्याय नाही.

वॅटचा गैरसमज सगळ्यात जुना. एके काळी टेपरेकॉर्डरवरसुद्धा 'पीएमपीओ' म्हणून हजार-दोन हजारांचे आकडे चिकटवलेले असत. त्या आकड्याला काही प्रमाणित मोजमापच नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा आकडा. तोही डोळे मिटून नाही, कारण वॅट दुप्पट केले तर पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबल देतो. तीन मीटरवर तोच 78-80 च्या घरात ऐकू येतो. नेहमीचं बोलणं साठच्या आसपास असतं, तेव्हा एका वॅटचं काम किती ते पाहा. बाकीचे वॅट क्षणभराच्या स्फोटासाठी हाताशी असावे लागतात, पण 'हजार वॅट' वाचून छाती फुगवण्यासारखं काही नाही. आपल्याकडच्या हळदीत डीजेच्या भिंतीसमोर नाचलेल्या माणसाला हे पटणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. पण तो डीजे मोकळ्या मैदानात शेकडो माणसांना पुरवायचा असतो. अठरा इंची डबा हॉलमध्ये आणला तर त्याची जागा चुकते, बाकी काही साधत नाही.

आता खोलीकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे: आवाज खोक्यातून येतो, खोली नुसती जागा देते. 1895 च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यान-सभागृह बांधलं होतं. त्यात उच्चारलेला शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राही, वक्त्याचं पुढचं वाक्य मागच्यावर आदळे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री, गाव शांत झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणल्या, एकेक वाढवत घुमण्याचा काळ मोजला आणि सकाळी त्या परत नेऊन ठेवल्या. या गाद्यांतून खोलीच्या ध्वनीचं शास्त्र उभं राहिलं. 1900 साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल त्याच हिशोबावर बांधला.

वळमधला नवा हॉल पाहा: खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब, समोर काचेचं शोकेस. टाळी वाजवली की ती टणटणत परत येते. इथे लाखाचा संचही पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा वाटतो. आणि गाव कुठलं, तर यंत्रमागांच्या भिवंडीच्या कुशीतलं! कापडाचे तागे जिथून देशभर जातात तिथल्या हॉलला धड पडदा नसावा, ही गंमतच. पडदा मात्र पातळ, कोऱ्या 'ग्रे' कापडाचा उपयोगी नाही. जाड हवा, भरपूर चुण्यांचा, भिंतीपासून वीतभर पुढे सोडलेला. जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट किंवा चक्क आजीची गोधडी. एवढ्याने जो फरक पडतो, तो पुढच्या मॉडेलच्या किमतीत मिळत नाही.

कापडाचीही मर्यादा आहे. ते वरचे-मधले स्वर शोषतं, खर्जाला हात लावत नाही. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, पडदा तिला कुठून अडवणार? उलट बारा फूट लांब खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींत अडकून फुगतो. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो घुमघुम करतो, खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. म्हणून 'सबवूफर कुठेही ठेवा, चालतो' हे अर्धंच खरं. खर्जाची दिशा कानाला कळत नाही हे बरोबर, पण जागा बदलली की त्याचं प्रमाण बदलतं. उपाय हास्यास्पद दिसतो, पण लागू पडतो. सबवूफर थेट सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगायचं. जिथे खर्ज गोल, आटोपशीर ऐकू येईल, तिथे सबवूफर नेऊन ठेवायचा. घरातली माणसं हसतील. हसू द्यावीत.

सराउंडचे दोन स्पीकर पाठीमागे, डोक्यामागे लावायचे, असं बहुतेकांना वाटतं. 5.1 ची आंतरराष्ट्रीय शिफारस वेगळी आहे. पुढचे दोन समोरच्या रेषेपासून 30-30 अंशांवर, सराउंडचे 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या बाजूला किंचित मागे. आणि ते सतत वाजत नाहीत म्हणून बिघडलेत असं नाही. 1975 च्या 'शोले'च्या 70 मिमी प्रतींना सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज होता. फेकलेलं नाणं आपल्या खुर्चीखाली पडलं समजून प्रेक्षक वाकून बघत, असा किस्सा सांगतात. एरवी बाजूचे स्पीकर गप्प असत म्हणूनच ते नाणं दचकवून गेलं असणार. जुन्या मराठी सिनेमांचा आवाज बहुधा एकाच ट्रॅकचा असतो. तो पाचही डब्यांतून यावा हा हट्ट सोडावा, सेंटरमधून स्वच्छ येतोय तेवढं पुरे.

डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या अ‍ॅटमॉसचंही थोडं असंच. छताकडे तोंड केलेले स्पीकर आवाज वर आपटून खाली आणतात. त्यांना सपाट, टणक आणि साधारण बारा फुटांपर्यंतचं छत लागतं. स्लॅब असेल तर ठीक. उतरती कौलं किंवा पत्रा असेल तर ते पैसे वाया. कौलारू घरात चांगलं साधं 5.1 बसवावं आणि उरलेल्या पैशांत सेंटर अधिक चांगला घ्यावा.

वायरींबद्दल थोडक्यात: सोन्याच्या भावाची वायर नको. दीड चौरस मिमी तांब्याची वायर पाच मीटर ओढली तर जाऊन-येऊन रोध सुमारे 0.12 ओहम होतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळच. फक्त तांबंच आहे ना, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम नाही ना, एवढं पाहून घ्यावं. टीव्हीपासूनची जोडणी मात्र जपावी: जुन्या ऑप्टिकल वायरीतून अ‍ॅटमॉस येत नाही, त्यासाठी एचडीएमआयचा एआरसी किंवा ईएआरसी खाचा लागतो.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, हाही एक लाडका समज. ट्रे खोलीतला घुमारा थोडाफार बदलतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवत नाहीत. त्याला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात. वळच्या जुन्या आळीत भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर असतं. आपल्याकडे सिनेमा चालू असतो, काकांकडे नुसती धपधप पोचते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी संचाचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून 5 डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असंही त्यात म्हटलंय. दहा वाजले की सबवूफरचा आवाज उतरवावा, 'नाईट मोड' लावावा, तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या घरी आता तो मोड दिवसाही चालू असतो. वडिलांनीच सांगितलंय, बंद करू नका म्हणून.