मुंडकाराचे घर आणि त्याखालची जमीन

गोव्यातील खेड्यांत घर एकाचे आणि घराखालची जमीन दुसऱ्याची, ही स्थिती कित्येक पिढ्या चालत आलेली आहे. जमिनीचा मालक तो भाटकार आणि त्याच्या भाटात घर करून राहिलेला तो मुंडकार. माडांची राखण करावी, पडलेले नारळ गोळा करावेत, भाटकाराच्या घरी कार्य निघाल्यास राबावयास जावे आणि त्या बदल्यात भाटाच्या एका कोपऱ्यात मातीच्या भिंती उभारून राहावे, असा हा संबंध होता. परवानगी बहुधा तोंडी असे. भाडे नसल्यामुळे पावती नसे आणि पावती नसल्यामुळे पुरावा नसे. भाटकाराची मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर कसणाऱ्या कुळांना १९६४ च्या कूळ कायद्याने संरक्षण मिळाले. परंतु मुंडकार हा शेत कसणारा असेलच असे नाही. त्याचा प्रश्न शेताचा नसून छपराचा होता. त्यासाठी श्रीमती शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा करण्यात आला.

या कायद्याप्रमाणे, भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतील घरात कायम वास्तव्य करून राहणारी व्यक्ती मुंडकार ठरते. ती भाटकाराची चाकरी करीत असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. घराचे भाडे देणारा मात्र मुंडकार नव्हे, तो भाडेकरू होय. घरगडी किंवा खाण-कारखान्यातील नोकरीमुळे तेथील जागेत राहणारा कामगार यांनाही हा कायदा लागू नाही. मुंडकाराचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. घराची डागडुजी करण्याचा अधिकारही त्याला आहे. भाटकाराने जमीन दुसऱ्यास विकली तरी मुंडकाराचा हक्क बुडत नाही. नवा मालक हाच त्याचा भाटकार होतो. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते आणि खरेदी करणाऱ्यांपैकी काहींस ती ठाऊक असूनही सोयीची नसते.

याहून महत्त्वाचा आहे तो विकत घेण्याचा हक्क. घर आणि त्याभोवतीची जमीन मुंडकार खरेदी करू शकतो. घराखालच्या जागेसह ही जमीन पंचायत क्षेत्रात ३०० आणि नगरपालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत धरली जाते. ३०० चौरस मीटर म्हणजे वीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद असा तुकडा. घर, तुळशीवृंदावन, न्हाणी आणि थोडेसे परसू यांना तो पुरतो.

एवढ्याशा तुकड्यासाठी आज इतकी निकड का, याचे उत्तर गोव्याच्या बदललेल्या अर्थव्यवहारात आहे. २०११ च्या जनगणनेत ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि तिच्यातील बासष्ट टक्के लोक नागरी भागांत राहत होते. त्याच जनगणनेत गोव्यातील पाच घरांत एकाहून अधिक घर रिकामे आढळले. एकीकडे कुलूप लावलेली घरे आणि दुसरीकडे लग्न झालेल्या दोन भावांना एका खोलीत पडदा लावून राहावे लागते, अशी विसंगती! किनारपट्टीच्या गावांत सुटीपुरते घर घेणाऱ्या बाहेरच्या ग्राहकांनी जमिनीचे भाव असे चढवले की रोजंदारीवर किंवा लहानशा पगारावर जगणाऱ्यास भूखंड घेणे शक्य राहिले नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या तालुक्यांत अडचण निराळी आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकवर पोसलेल्या कुटुंबांची मिळकत तुटली. अशा कुटुंबाकडे घराखालची जमीन हीच काय ती मालमत्ता होऊ शकते, पण तीही कागदावर त्याची असेल तरच.

कार्यपद्धती दोन टप्प्यांची आहे. प्रथम आपण मुंडकार आहोत हे मामलेदाराकडून ठरवून घ्यावे लागते. त्यानंतर खरेदीसाठी अर्ज करावा लागतो आणि मामलेदार किंमत निश्चित करतो. पुराव्यासाठी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिले, शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद उपयोगी पडतात. भूमापनाच्या नमुना १ व १४ मध्ये ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकार म्हणून नाव असल्यास काम सुकर होते. शाळेच्या नोंदवहीतील पत्तादेखील क्षुल्लक समजू नये. गावातील शिक्षकांनी पालकांना हे सांगितल्यास त्यांना वकिलाच्या पायरीवर एक खेप कमी पडेल.

अनेक कुटुंबे पहिल्या टप्प्यापाशीच थांबली. नाव लागले, आता कोण हाकलणार, असे समाधान त्यांनी मानले. ज्यांनी खरेदीचा अर्ज केला त्यांच्यापुढे वारसांचा गुंता उभा राहिला. गोव्यातील कौटुंबिक कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक असते आणि मुलामुलींना वारसा मिळतो. त्यामुळे आजोबांच्या काळी एक असलेला भाटकार आज वीस-पंचवीस वारसांत विभागलेला असतो. कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणाचा पत्ताच नाही. प्रत्येकास नोटीस बजावली जाईपर्यंत तारखा पडत राहतात. भाटकारांतही सगळेच सधन नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. लहानशा भाटात तीन मुंडकार असलेल्या विधवेला ती जमीन हाच म्हातारपणीचा आधार असू शकतो, आणि ठरलेली किंमत वेळेवर हाती न आल्यास तिच्याही वाट्याला कचेरीच्या फेऱ्या येतात.

खरेदीचे प्रमाणपत्र मिळाल्यावरही एक काम उरते. जमिनीचा तुकडा भूमापनात वेगळा पाडून घेणे आणि नमुना १ व १४ वर स्वतःचे नाव चढवणे यांसाठी निराळा अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवले, पण नाव चढवण्यास कोणी गेले नाही, असे घडते. मग पुढची पिढी घर नव्याने बांधण्याकरिता कर्ज मागावयास जाते तेव्हा बँकेतील कारकून उतारा मागतो, आणि उताऱ्यावर अजून जुन्या भाटकाराचेच नाव असते.