एकोणचाळीस पायऱ्या आणि नऊ घरं

मुलांनो, आधी एक कोडं घालते. घरं 9, मोबाइल 9, सिनेमा मात्र एकच. सहा घरं आमच्या सोनगीरची, एक धुळ्याचं, एक नाशिकचं आणि एक थेट सुरतेचं. सगळ्यांनी "तीन, दोन, एक" म्हणत एकदम सिनेमा सुरू केला. तरी सिनेमातल्या आगगाडीची शिट्टी एकदा नाही, चांगली नऊ वेळा वाजली! हे कसं झालं, सांगा बघू?

उत्तर मी देणारच आहे, पण जरा फिरून.

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. डोंगरावर जुना किल्ला आणि खाली तांब्या-पितळेची भांडी घडवणारं आमचं गाव. इथे भांड्यांवर पडणारे ठोके ऐकतच मुलं मोठी होतात. फोनवर बोलताना मागे ठक-ठक ऐकू आली की समजायचं, पलीकडचा गावातच आहे!

या गोष्टीतली मुलं 2020 साली माझ्या वर्गात चौथीत होती. चौथीत म्हणजे काय, तर घरातच होती! टाळेबंदी लागलेली आणि शाळा फोनमध्ये शिरलेली. त्या वर्षी 28 मार्चपासून दूरदर्शनवर जुनं 'रामायण' पुन्हा दाखवायला लागले, ते तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. सगळे आपापल्या घरात, पण बघत होते एकच गोष्ट, एकाच वेळी. भाग संपला की आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर नुसता गलका व्हायचा. (हे 'रामायण' करणाऱ्या रामानंद सागरांनीच 1968 मध्ये 'आँखें' नावाचा हेरपट काढला होता, हे सांगितलं तेव्हा एका मुलाच्या आजीने मला वेड्यात काढलं!)

शाळा उघडली, मुलं पाचवीत गेली. गट मात्र कोणी मोडला नाही. त्याला एक कारण होतं. वर्गातल्या एका मुलीचे वडील कामासाठी सुरतेला गेले आणि मागोमाग सगळं घर गेलं. खानदेशातून असं सुरतेला जाणं आमच्याकडे नवं नाही. तिथल्या उधना-लिंबायत भागात रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांना लेस लावते. ही पोरगी म्हणजे आमच्या वर्गाची पाढेवाली! एकोणतीसचा पाढा एका दमात म्हणायची. आजोबांनी तिला पावकी-निमकीसुद्धा शिकवली होती. सुरतेला गेल्यावर गटावर तिचे निरोप आधी रोज यायचे, मग आठवड्याने आणि पुढे नुसते अंगठे. मास्तरकी करणाऱ्याला असा नुसता अंगठा चांगलाच कळतो.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गटावर विचारलं, "सिनेमा बघायचा का? सगळ्यांनी मिळून, आपापल्या घरी?"

मुलं आता नववीत. लगेच फर्माईश आली, हेरांचा! मग मी अट घातली. नायकाच्या हातात मशीनगन नाही, उडणारी मोटार नाही, असा हेरपट बघायचा. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'द थर्टी नाईन स्टेप्स', 1935 सालचा, काळापांढरा, लांबी 86 मिनिटं. 1935 म्हणजे किती जुना? आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आला 1931 मध्ये, मराठीतला 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये आणि प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 मध्ये. आपल्या सिनेमाला वाचा फुटून तेव्हा चारच वर्षं झाली होती म्हणा ना!

नावावरूनच वाद पेटला. 39 पायऱ्या म्हणजे कुठल्या? एक म्हणाला, किल्ल्याच्या. दुसरा म्हणाला, विहिरीच्या. सुरतेहून पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी शब्द आले: "मॅडम, पाढ्यात 39 फक्त 3 आणि 13 ला येतो." मी फक्त हसरा चेहरा पाठवला. जॉन बकनच्या मूळ कादंबरीत त्या समुद्राकडे उतरणाऱ्या खऱ्याखुऱ्या पायऱ्या आहेत. सिनेमात मात्र 39 पायऱ्या म्हणजे निराळंच काही आहे. काय, ते विचारू नका.

गोष्ट थोडीशी सांगते. लंडनच्या एका नाटकगृहात मिस्टर मेमरी नावाचा माणूस खेळ करतोय. तो रोज पन्नास नव्या गोष्टी पाठ करतो. लोकांनी काहीही विचारावं, त्याने चटकन उत्तर द्यावं. (असा एक कलावंत इंग्लंडमध्ये खरोखर होता. रंगमंचावर त्याला 'डेटास' म्हणत.) प्रेक्षकांत कॅनडाहून आलेला रिचर्ड हॅने बसलाय. तेवढ्यात गोळीबार होतो, पळापळ होते, एक अनोळखी बाई हॅनेबरोबर त्याच्या घरी येते. ती म्हणते, मी हेर आहे, देशाचं एक गुपित बाहेर चाललंय. रात्रीत तिचा खून होतो. हातात स्कॉटलंडचा नकाशा! आता पोलीस हॅनेला खुनी समजतात आणि खरे गुन्हेगारही त्याच्या मागे लागतात. गडी एकटा, हातात शस्त्र नाही. पळणार कुठे?

पहिला पेच भाषेचा होता. संवाद इंग्रजी आणि तेही जुन्या वळणाचे. मग मी चार पानांवर मराठीत टिपणं काढली आणि ठरवलं, फोनवरचं सामूहिक संभाषण चालू ठेवायचं आणि मध्ये मध्ये मी सांगत जायचं. यात नवं काही नाही बरं का! दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला, तो मूकपट. पडद्यावर इंग्रजी आणि हिंदी पाट्या यायच्या. त्या काळी ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी अशा पाट्या मोठ्याने वाचून दाखवत असे. मीही तेच करणार होते, फक्त अहिराणीची फोडणी देऊन.

दुसरा पेच मोठा होता, तो वेळेचा. आता कोड्याचं उत्तर ऐका. हॅनेच्या घरी कामवाली बाई येते, तिला प्रेत दिसतं, ती किंचाळायला तोंड उघडते आणि किंकाळीऐवजी ऐकू येते आगगाडीची शिट्टी! पुढच्याच क्षणी पडद्यावर धावणारी गाडी. सिनेमाच्या इतिहासात गाजलेली जागा आहे ही. आमच्याकडे काय झालं? आधी नाशिकला शिट्टी वाजली. मग माझ्याकडे. मग तांबट आळीत. मग आणखी कुठेकुठे. सगळ्यांत शेवटी धुळ्याला! नऊ घरांत नऊ शिट्ट्या. सगळे हसून हसून बेजार, आणि गोष्टीची भीती गेली उडून.

कारण सोपं आहे. नेटवरचा सिनेमा लगेच सुरू होत नाही. मोबाइल आधी थोडा साठा करून घेतो, मग दाखवतो. ज्याचं नेट धीमं, त्याचा साठा उशिरा भरतो. शिवाय माझं "एक" हेही प्रत्येकाला थोडं मागेपुढेच ऐकू आलेलं! पण उपाय त्या शिट्टीतच सापडला. सगळ्यांनी मागे जायचं, बाईने तोंड उघडलं की तिथेच थांबवायचं. थांबलेल्या सिनेमाचा साठा भरलेला असतो, त्यामुळे पुन्हा दाबलं की तो लगेच निघतो. पुन्हा "तीन, दोन, एक" आणि आता शिट्ट्या जवळजवळ एकत्र! चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यापुढे पाटी 'ठक' करून आपटतात ना, ती यासाठीच. पाटी मिटलेली दिसते ते चित्र आणि 'ठक' आवाज, हे जुळवले की पुढचं सगळं जुळतं.

तुम्ही म्हणाल, दोन-चार सेकंदांनी काय बिघडतं? हेरपटात फार बिघडतं! हिचकॉक यांनी फ्रान्सच्या त्रुफो या दिग्दर्शकाला हे छान समजावलं होतं. समजा, चार माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण पंधरा सेकंदच. आता बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवा. गप्पा त्याच, पण तुम्ही पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसाल. मनात ओरडाल, अरे उठा तिथून! एकाला आधी कळलं आणि त्याने तोंड उघडलं, तर बाकीच्यांची ती पंधरा मिनिटं फुकट गेलीच म्हणून समजा.

उदाहरण देते. मेलेल्या बाईने हॅनेला सांगितलेलं असतं, टोळीच्या म्होरक्याच्या करंगळीचं टोक तुटलेलं आहे. धावत-पळत हॅने एका सभ्य प्राध्यापकाच्या बंगल्यावर पोहोचतो, त्यांना सगळं सांगतो आणि करंगळी दाखवतो. प्राध्यापक शांतपणे आपला दुसरा हात वर करतात... आमच्या नऊही घरांत एकदम "आऽऽ!" झालं. एकदम, बरं का! मग एक जण हळूच म्हणाला, "आते काय व्हई, मॅडम?" मी काही बोलले नाही. माझ्याही घशाला कोरड पडली होती, आणि मी तर सिनेमा आधी दोनदा पाहिलेला!

माझे वडील जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाच्या गोष्टी सांगतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसायचे. मागून बघणाऱ्याला नायक डावखुरा दिसायचा आणि नावं उलटी. तरी दोन्हीकडून शिट्टी पडायची ती एकाच वेळी. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट निघाला आणि 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. आणि आमच्या महामार्गावरचंच मालेगाव घ्या! तिथे नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवत. लोकांच्या गर्दीत बसून सिनेमे दाखवता दाखवता त्यांनी स्वतःच 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. या मंडळींवर 2025 मध्ये हिंदीत मोठा सिनेमाही आला. आमच्या भागाला सिनेमा एकट्याने बघायची सवयच नाही, असं मला वाटतं.

तर, आमचा सिनेमा शेवटाला आला. पुन्हा नाटकगृह, पुन्हा मिस्टर मेमरी. पोलिसांनी वेढलेला हॅने गर्दीतून उभा राहतो आणि ओरडून एक प्रश्न विचारतो: 39 पायऱ्या म्हणजे काय?

आणि सुरत गेली!

संभाषणातून तिचं नाव नाहीसं झालं. मी ओरडले, "थांबवा, सगळ्यांनी थांबवा!" मिनिटभरात तिचा साधा फोन आला. त्या दिवसाचा डाटा संपला होता. दुपारी भावाने क्रिकेटचा सामना पाहिला होता. "तुम्ही बघा मॅडम, मी नंतर बघते," म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, आणि म्हणूनच मला तो आवडला नाही.

मी गटाला विचारलं, काय करायचं? अर्धा मिनिट नुसती ठक-ठक ऐकू आली. मग नाशिकचा म्हणाला, "शिवाजी महाराज बहिर्जी नाईकांना सोडून सुरतेत शिरले का?" चौथीचं पुस्तक! सुरतेची खडान्खडा खबर बहिर्जींनी काढली, असं सांगतात. 1664 चं ते साल. पोरं हसली आणि थांबली. आठ घरांत मिस्टर मेमरी तोंड अर्धवट उघडून उभा!

गंमत म्हणजे धुळ्याच्या मुलाला माझं "थांबवा" ऐकूच आलं नव्हतं. त्याच्याकडे सिनेमा पुढे गेला. मेमरीने काय केलं, ते त्याला कळलं. बाकीच्यांनी त्याला काय काय विचारलं! लाडीगोडी लावली, पैज लावली, फराळातल्या शेवेची लाच देऊ केली. तो एवढंच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." हे साफ खोटं होतं, पण मी त्याला टोकलं नाही. एरवी या पोराच्या पोटात शेंगदाणाही लपत नाही. बारा मिनिटं तो गप्प बसला.

बाराव्या मिनिटाला सुरत परत आली. शेजारच्या गुजराती बेनने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला होता आणि त्या स्वतःही पुढ्यात येऊन बसल्या होत्या. तीन, दोन, एक.

मेमरी काय करतो, ते तुम्ही बघाल तेव्हा बघा. मी इतकंच सांगते की ज्याला उत्तर येतं, त्याला गप्प बसणं किती कठीण असतं, हे आमच्या पाढेवालीला सगळ्यांच्या आधी कळलं. सिनेमा संपला तेव्हा कोणी बोलेना. मग ती म्हणाली, "मॅडम, त्याचं चुकलं का हो?" यावरून रात्री दहापर्यंत भांडण चाललं. अजून मिटलेलं नाही. धुळ्याचा म्हणतो चुकलं, ती म्हणते नाही. मला विचाराल तर मी तिच्या बाजूची.

आई-बाबांना दोन गोष्टी सांगते. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं असतो, त्यामुळे 1935 चा हा सिनेमा चोरून बघावा लागत नाही. आणि यात खून आहे, लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघा.

सुरतेच्या बेनने फक्त शेवटच पाहिला होता. त्यांनी हुकूम सोडला, "शरुआतथी बतावो ने!" म्हणून पुढच्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा लावला. या वेळी टिपणं मी वाचली नाहीत. पाढेवालीने सांगितलं, आम्हाला अहिराणीत आणि लगोलग बेनला गुजरातीत, न अडखळता. बाई किंचाळायला आली तेव्हा आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. शिट्टी दोनदा वाजली. धुळ्याचं घर अजून मागेच आहे.