विश्लेषण : कीटकनाशक किडीला मारते, मग माणसाला का बाधते?

नायगाव पूर्वेच्या सोसायट्यांमध्ये पेस्ट कंट्रोल झाले, की ओट्याखाली आणि सिंकच्या कोपऱ्यात झुरळांच्या जेलचे बारीक ठिपके दिसतात. रुळांपलीकडे, वसईच्या हरित पट्ट्यातील वाड्यांत वांगी-भेंडीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी होते. गोठ्यात गुरांच्या अंगावरील गोचिडांसाठी आणखी वेगळी बाटली असते. तिन्हींना आपण ‘औषध’ म्हणतो. प्रत्यक्षात ही तिन्ही विषे आहेत आणि प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे असू शकते. हे लक्ष्य कोणते, यावर कीड मरणार की नाही, हे जसे ठरते, तसेच विषबाधा झालेल्या माणसावर उपचार कोणता करायचा, हेही ठरते.

किडीच्या शरीरात नेमके काय होते?

एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो रसायनांच्या मदतीने. पहिली पेशी रसायन सोडते आणि दुसऱ्या पेशीवरील रिसेप्टर, म्हणजेच ग्राही, ते पकडतो. हे कुलूप-किल्लीसारखे आहे. किल्ली बसली की पेशी उत्तेजित होते किंवा शांत होते. काम झाले की किल्ली लगेच निघावी लागते. बहुतेक कीटकनाशके याच यंत्रणेत बिघाड करतात. काही खोटी किल्ली बनून कुलपात अडकतात, काही कुलूपच बंद करतात, तर काही खरी किल्ली बाहेर निघू देत नाहीत.

अडचण अशी, की यातील अनेक कुलपे कीटक आणि माणूस या दोघांकडेही आहेत.

यवतमाळमध्ये काय घडले होते?

२०१७च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकाच टाकीत मिसळलेली दोन-तीन कीटकनाशके आणि हातमोजे-मास्कचा अभाव, ही कारणे तेव्हा पुढे आली. प्रकरणाच्या चौकशीसाठी राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

तेथे चर्चेत आलेल्या रसायनांपैकी प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील आहेत. ॲसिटिलकोलिन या संदेशवाहकाचे विघटन करणारे विकर ही रसायने निकामी करतात. त्यामुळे ॲसिटिलकोलिन साठत जाते आणि ग्राही सतत चालूच राहतात. माणसातही हेच विकर असल्याने घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचा अशक्तपणा आणि शेवटी श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसतात. यावर दिले जाणारे ॲट्रोपिन काही ग्राहींवर स्वतः जाऊन बसते आणि त्यांच्यापर्यंत ॲसिटिलकोलिन पोहोचू देत नाही. म्हणजे उताराही ग्राहीवरच काम करतो. मात्र तो सर्व विषांवर चालत नाही. टाकीत काय-काय होते, हे डॉक्टरांना कळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

तंबाखूशी काय संबंध?

कीड मारण्यासाठी तंबाखूचा काढा फवारणे ही जुनी पद्धत. त्यातील निकोटिन ॲसिटिलकोलिनच्या एका ग्राहीवर बसते. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड रसायने याच तत्त्वावर बनली. ती कीटकांच्या ग्राहीला घट्ट चिकटतात, माणसाच्या ग्राहीला तुलनेने सैल. परंतु मधमाशीही कीटकच आहे. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये अशा तीन रसायनांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली.

झुरळांच्या जेलमध्ये अनेकदा फिप्रोनिल असते. ते गाबा या संदेशवाहकाच्या ग्राहीवर काम करते. गाबा हा चेतासंस्थेचा ब्रेक. तोच बंद पडला की झुरळाला झटके येतात. माणसाचा गाबा ग्राही फिप्रोनिलला कमी संवेदनशील आहे, पण जास्त मात्रा पोटात गेल्यास माणसालाही झटके येऊ शकतात. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा नाही.

कोळी का मरत नाहीत?

वांगी, भेंडी, गुलाबाच्या पानामागे जाळी विणणारा लाल कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो गोचिडाच्या कुळातला आहे. इमिडाक्लोप्रिडचा त्याच्यावर उपयोग होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मेल्याने तो वाढू शकतो. मग मात्रा वाढवली जाते, खर्च वाढतो आणि फवारणाऱ्याच्या अंगावरचे विषही.

कोळ्यांवर ॲबामेक्टिन चालते. ते ज्या ग्लुटामेट-क्लोराइड ग्राहीवर काम करते, तो पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत नसतोच. याचे मूळ जपानमधील एका गोल्फ मैदानालगतच्या मातीतील जिवाणूत सापडले. त्या संशोधनासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चे नोबेल मिळाले. तरीही ॲबामेक्टिन निर्धोक नाही. मोठी मात्रा पोटात गेल्यास ते माणसाच्या गाबा ग्राहीवरही परिणाम करते.

गोचिडांवरील अमिट्राझ ऑक्टोपामाइन या संदेशवाहकाच्या ग्राहीला लक्ष्य करते. माणसात मात्र ते ॲड्रिनलिनशी संबंधित वेगळ्या ग्राहीवर बसते. त्यामुळे गुंगी येते, नाडी मंदावते, बाहुल्याही बारीक होऊ शकतात. वरवर पाहता हे ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेसारखे वाटू शकते, उपचार मात्र वेगळे.

तेच औषध पुन:पुन्हा मारल्यास?

कुलूप बदलते. गाबा ग्राहीतील अवघे एक अमिनो आम्ल बदलल्याने फळमाशी विषाला दाद देईनाशी होते, हे १९९०च्या दशकातच दिसले. त्यामुळे ब्रँड बदलून उपयोग नाही, गट बदलावा लागतो. आयरॅक या आंतरराष्ट्रीय समितीने गटांना क्रमांक दिले आहेत. ऑर्गनोफॉस्फेट १बी, फिप्रोनिल २बी, निओनिकोटिनॉइड ४ए, ॲबामेक्टिन ६, अमिट्राझ १९. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्या एकाच गटातील असतील, तर किडीच्या दृष्टीने ते एकच औषध.

मग काय करावे?

बाटलीवरील रंगीत त्रिकोण पाहा. लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. शिफारस नसताना रसायने एकत्र मिसळू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारण्यास बंदी आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून वापरलेल्या रसायनाचे नाव लिहून घ्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवू नका.

आणि विषबाधेचा संशय आल्यास रुग्णासोबत मूळ बाटली, डबा किंवा माहितीपत्रक रुग्णालयात न्या. त्यावर रसायनाचे नाव आणि उताऱ्याची माहिती असते. ‘फवारणीचे औषध होते’ एवढ्याने डॉक्टरांना कोणते कुलूप अडकले आहे, ते कळत नाही.