चित्रातलं मांजर ओळखू आलं पाहिजे

मुलांसाठी घरच्या घरी चित्रांचं पुस्तक करावं, असं कितीतरी जणींच्या मनात येतं आणि 'मला मेलीला कुठं चित्र काढता येतं!' म्हणून तिथंच राहून जातं. मैत्रिणींनो, रांगोळीत मोर काढणाऱ्या हाताला मांजर का जमू नये?

इंग्लंडच्या बिआट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससा तुम्ही पाहिला असेल. ४ सप्टेंबर १८९३ रोजी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला त्यांनी चित्रं काढून एक पत्र पाठवलं, त्यातली ही गोष्ट. पुढं प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी पदरच्या पैशांनी अडीचशे प्रती छापून घेतल्या. वय होतं पस्तीस! 'आता या वयात काय चित्रं काढायची' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. १९०२ मध्ये रंगीत पुस्तक निघालं, तेही आधी नाही म्हणणाऱ्यांपैकीच एका प्रकाशकाकडून.

पण मला मोलाचं वाटतं ते निराळंच. पीटरच्या अंगात निळं जाकीट असलं तरी आतला ससा अगदी खराखुरा आहे. घरी पाळलेले ससे बाईंनी समोर ठेवून पुन्हा पुन्हा रेखाटले होते. आपण नेमकं उलट करतो. आधी फ्रॉक नि चष्मा, आणि आत कोण आहे ते मुलांनी ओळखायचं!

म्हणून पहिले आठ दिवस नुसतं पाहा. मांजराच्या मागच्या पायाला उलटा गुडघा आहेसं वाटतं ना? तो गुडघा नव्हेच, ती टाच. मांजर बोटांवर चालतं. खरा गुडघा वर, पोटापाशी असतो. हे एकदा कळलं की पाय बरोबर जागेवर येतो. शेळीच्या डोळ्यातली काळी बाहुली आडवी असते. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, घोडा आधी पुढचे पाय रोवतो. यात गफलत झाली, तर खेड्यातून आलेली मुलं वर्गात फिदीफिदी हसतात, हे मी शिकवताना पाहिलंय.

मग एका मोठ्या कागदावर तेच मांजर समोरून, बाजूनं, पाठमोरं, बसलेलं आणि पळणारं काढा. डोक्याच्या मानानं अंग किती, ते मोजून शेजारी लिहा. एखादी पक्की खूण द्या: फाटका कान, नाहीतर एकच पांढरा पंजा. हा कागद काम संपेपर्यंत समोर हवा. तिसऱ्या पानावर डावा पंजा पांढरा आणि पाचव्यावर उजवा झाला, की मूल म्हणणार, "हे दुसरं मांजर आहे!" झालं, गोष्ट तिथंच संपली.

राग दाखवायला माणसासारख्या भुवया कशाला? कान मागे पाडा, शेपूट फुगवा. खुशीत असेल तर शेपूट ताठ उभी.

चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. आधी पेन्सिलीनं कच्चं पुस्तक करा आणि एक अक्षरही न लिहिता मुलापुढं ठेवा. गोष्ट त्यालाच सांगू द्या. जिथं ते अडखळेल, तिथलं चित्र पुन्हा काढायचं; रंग त्यानंतर.

शिवायला दाभणानं दुमडीवर तीन भोकं पाडून जाड दोरा ओवावा. गाठ मात्र आतल्या बाजूला घ्या, बाहेर दिसली की बारकी पोरं आधी तीच सोडतात!