लाल लघवी म्हणजे दर वेळी ‘उन्हाळी’ नव्हे

माळशिरस तालुक्यात उन्हाळा कडक. मुलाची लघवी लालसर झाली, जळजळली, की घरात ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी देतात. पाणी द्यावंच, पण लघवीची साधी तपासणीही करून घ्यावी. बीट खाल्ल्यानेही रंग येतो. रक्त आहे की नाही, हे तपासणीतच कळतं.

जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडाची सूज ही कारणं डॉक्टर आधी पाहतात. ती नसतील तर चयापचय तपासावं लागतं. त्यातलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे लघवीतून जादा कॅल्शियम जाणं. रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असतं, त्यामुळे नुसत्या रक्ततपासणीवर हे सापडत नाही. सोनोग्राफीत खडा दिसण्याआधीही रक्त येऊ शकतं. लघवीतल्या कॅल्शियमला क्रिएटिनिनने भागतात. शाळकरी मुलांत उत्तर ०.२ च्या वर आलं, तर २४ तासांची लघवी साठवून तपासतात. दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम म्हणजे प्रमाण वाढलेलं.

लघवीतलं युरिक ॲसिडही असंच वाढतं. ऑक्झलेट आणि सिस्टीनचे जन्मजात विकार विरळ, पण नात्यातल्या लग्नांत त्यांचा धोका वाढतो. घरात कुणाला मुतखडा असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

लघवीतून जादा कॅल्शियम जाणाऱ्या मुलाचं दूध परस्पर बंद करू नका. हाडांना ते हवंच. कमी करायचं ते मीठ: फरसाण, वेफर्स, पापड. मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

चेहरा सुजला, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.