आमसुलातला तोतया

मे महिना सरत आला की कोकणातल्या बुरोंडीत दोन कामांची घाई उडते. बंदरावर होड्या वर ओढून शाकारायच्या असतात आणि घरोघरी पाऊस पडायच्या आत रातांबे उरकायचे असतात. फळ फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, साली उन्हात घालायच्या, त्यांना त्यांच्याच रसाची पुटं द्यायची आणि काळ्याभोर होईपर्यंत त्या वाळवायच्या, की झालं आमसूल, म्हणजेच कोकम. बियांच्या तेलाचा, म्हणजे मुटेलाचा, गोळा भेगाळलेल्या टाचांसाठी वर्षभर पुरतो. आमसूल मात्र रोज लागतं. त्रिफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणाला दुसरा कुठलाही आंबटपणा मानवत नाही.

हा आंबटपणा कुठल्या आम्लाचा, याचं नेमकं उत्तर मिळायला १९६५ साल उजाडलं. ते सापडलं म्हैसूरला. तिथून निघालेला धागा थेट सायट्रिक आम्ल चक्राच्या उंबरठ्यापर्यंत गेला. या शोधाचं श्रेय ज्यांचं, त्या वाय. एस. लुइस यांचं नाव कोकणात कुणाला ठाऊक नाही. आमसुलाच्या पाकिटांवर भलतेसलते दावे छापले जात असताना तर ते ठाऊक असायलाच हवं.

रातांब्याची लेखी नोंद बरीच जुनी आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३च्या आपल्या ग्रंथात ‘ब्रिंडाँव’ या नावाने या फळाचा उल्लेख केला. गोव्यातलं भिरंड ते हेच. फळ आतून रक्तासारखं लाल आणि फार आंबट असतं, रंगारी ते वापरतात, साली व्हिनेगरसाठी जहाजातून नेतात, असं तो सांगतो. पुढची चारशे वर्षं या आंबटपणाच्या मुळाशी कुणी फारसं गेलं नाही. विसाव्या शतकात केरळच्या कुडमपुळीचं, म्हणजे रातांब्याच्या सख्ख्या भावंडाचं, पृथक्करण झालं, तेव्हा टार्टारिक आणि सायट्रिक या ओळखीच्या आम्लांवर बोट ठेवून रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले.

म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली चेलुवांबा महालात सुरू झाली. तिथे लुइस आणि एस. नीलकंठन यांनी कुडमपुळीच्या साली पुन्हा तपासायला घेतल्या. त्यांची कृती वाचण्याजोगी आहे. सुक्या साली पाण्यात घालून दाबाखाली शिजवायच्या. अर्क आटवायचा. त्यात अल्कोहोल ओतलं की पेक्टिन साखळून बाहेर पडतं, ते गाळून टाकायचं. उरलेला आंबट द्रव अल्कलीने उदासीन केला की तळाशी जाड पाकासारखा थर बसतो. तो अल्कोहोलने धुऊन घ्यायचा आणि आयन-विनिमय राळेतून काढायचा. एवढं केल्यावर हाती आलं ते टार्टारिक नव्हतं आणि सायट्रिकही नव्हतं. तो होता सायट्रिक आम्लाचाच सांगाडा, पण एका कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट जास्तीचा. हेच हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. ते रातांब्यातही आहे. २००२ साली म्हैसूरच्याच प्रयोगशाळेतून रातांब्याचे आकडे आले: सालीत १०.३ ते १२.७ टक्के, पानांत ४.१ ते ४.६ टक्के.

हे आम्ल हट्टी आहे. द्रावण आटवू लागलं की ते स्वतःभोवतीच वळून लॅक्टोन होतं, शुद्ध आम्ल म्हणून टिकत नाही. शिवाय त्याचे चार समघटक संभवतात. अणू तेच, मांडणी वेगळी. लाल अंबाडीच्या बोंडांतही हायड्रॉक्सिसायट्रिक कुळाचंच आम्ल आहे, पण वेगळ्या मांडणीचं. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून जेनी ग्लस्कर आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली या दोन्ही मांडण्या निश्चित केल्या. अंबाडी आणि आमसूल जिभेला आंबटच लागतात, पण शरीरातलं एक विकर त्या दोघांत चोख फरक करतं.

ते विकर सायट्रिक आम्ल चक्राच्या वेशीबाहेर बसलेलं आहे. हे चक्र म्हणजे पेशीने अन्नातून ऊर्जा काढण्याचा फेरा. तो बारावीपर्यंत अनेकांनी घोकलेला असतो, त्यामुळे आठही विकरांची उजळणी इथे नको. हान्स क्रेब्ज यांनी शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून १९३७ साली ते मांडलं. ‘नेचर’ने त्यांचं पत्र परत पाठवलं, म्हणून ते ‘एन्झायमोलोजिया’त आलं. त्याच वर्षी कार्ल मार्टियुस आणि फ्रान्झ क्नूप यांनी सायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेटपर्यंतचा टप्पा उकलला होता, तो क्रेब्ज यांच्या कामी आला. याच मार्टियुसने १९४१ साली हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करून त्याचे समघटक वेगळे केले. म्हणजे म्हैसूरला सालीतून निघालेला रेणू कागदावर आधीच होता, आणि तोही चक्राच्या एका शिल्पकाराच्या हातचा.

पेशीत ऊर्जा मुबलक असली की चक्रातलं आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज हे विकर मंदावतं आणि सायट्रेट साचू लागतं. जास्तीचं सायट्रेट तंतुकणिकेतून बाहेर येतं. तिथे वेशीबाहेरचं ते विकर, एटीपी-सायट्रेट लायेज, एटीपी खर्चून त्याचे अॅसिटिल-कोए आणि ऑक्झॅलोअॅसिटेट असे दोन तुकडे करतं. त्या अॅसिटिल-कोएपासून चरबी आणि कोलेस्टेरॉल बनतं. या विकराचा पहिला सुगावा पॉल सिअर आणि फ्रिट्झ लिपमन यांना १९५३ साली लागला. त्याच वर्षी लिपमन आणि क्रेब्ज यांना नोबेल विभागून मिळालं.

ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन यांच्या गटाने १९६९ साली दाखवलं की रातांब्याच्या जातीतलं आम्ल नेमकं या लायेजच्या गादीवर जाऊन बसतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यात आला, तेव्हा भलेभले बुचकळ्यात पडले होते. हे विकरही तसंच फसतं. खऱ्या सायट्रेटपेक्षा हा तोतया कित्येक पटींनी घट्ट बसतो आणि त्याचे तुकडे होत नाहीत. बाकीचे तीन समघटक त्या जागी जवळजवळ निष्प्रभ ठरतात. लोवेनस्टाइन यांनी त्याच वर्षी ‘मेथड्स इन एन्झायमॉलॉजी’ मालेचा तेरावा खंड संपादित केला. त्या खंडाचं नावच ‘सायट्रिक अॅसिड सायकल’. त्यात ६१३व्या पानापासून वाय. एस. लुइस यांचं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल वेगळं कसं काढायचं यावरचं प्रकरण आहे. केरळच्या स्वयंपाकघरातली साल जगभरच्या विकरशास्त्रज्ञांच्या टेबलावर पोचली ती या सात पानांतून. या संशोधनातला सगळ्यांत मोलाचा कागद कुठला असेल, तर तो हाच.

पुढे पाणी गढूळ झालं. १९७०च्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीत अॅन सलिव्हन यांनी उंदरांवर प्रयोग केले. आम्ल दिलेल्या उंदरांनी कमी खाल्लं आणि त्यांच्या अंगी चरबीही कमी धरली. एवढ्या भांडवलावर गोळ्यांचा बाजार उभा राहिला. १९९८ साली स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ माणसांवर बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. रोज १,५०० मिलिग्रॅम आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो घटलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो. दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे या चाचणीत गोळीचा उपयोग दिसला नाही. तेवढं आम्ल बारा ते पंधरा ग्रॅम सालीतून येईल.

कारण चयापचयातच आहे. माणूस नेहमीच्या आहारावर असताना कर्बोदकांपासून नवी चरबी फारशी बनवत नाही. अंगावर चढते ती बहुतेक ताटातूनच आलेली असते. जो दरवाजा फारसा वापरातच नाही, तो अडवून काय साधणार? तरीही विक्री चालूच राहिली. २००९च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृताच्या गंभीर तक्रारींवरून हायड्रॉक्सिकट या गोळ्यांविरुद्ध इशारा दिला. त्यांच्या काही मिश्रणांत गार्सिनियाचा, म्हणजे रातांबा-कुडमपुळीच्या कुळातल्या फळाचा, अर्क होता. इतर घटकही अनेक होते, त्यामुळे दोष एकट्या आम्लावर ढकलता येत नाही. २०१४ साली टीव्हीवरच्या डॉक्टर ऑझ यांना सिनेटच्या समितीपुढे गार्सिनियाच्या भलामणीबद्दल जाब द्यावा लागला. सोलकढी शतकानुशतकं पोटात जाते आहे आणि ती चवीसाठी जाते. तिला चरबी वितळवणारं औषध म्हणून विकणं हा कोकमावरही अन्याय आहे आणि लुइस यांच्या कामावरही.

लायेज अडवण्याची कल्पना मात्र वाया गेली नाही. बेंपेडोइक आम्ल हे पूर्णपणे वेगळं, कृत्रिम औषध. कोकमाशी त्याचं नातं नाही, पण ते अडवतं याच विकराला. अमेरिकेत त्याला २०२० साली मान्यता मिळाली. हे औषध जागृत करणारं विकर यकृतात आहे, स्नायूंत नाही. म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं घेतल्यावर काहींचे स्नायू दुखतात, तसा त्रास इथे टळतो. मुख्य म्हणजे त्याचं लक्ष्य वजन नाही, यकृतातलं कोलेस्टेरॉल आहे, आणि तिथे हा दरवाजा रोज वापरात असतो. २०२३ साली, स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे चौदा हजार रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी घटल्या.