संगणकातील श्रुती आणि लिहून ठेवण्याचे काम

कामगार चळवळीत ‘नियमानुसार काम’ नावाचे एक हत्यार आहे. संप नाही, घोषणा नाहीत. छापील नियमपुस्तकात जेवढे लिहिले आहे तेवढेच काम करावयाचे. एवढ्यानेही उत्पादन घसरू लागते, कारण कारखाना नुसत्या नियमपुस्तकावर चालत नसतो. यंत्राचा कोणता आवाज आला म्हणजे ते थांबवावे, हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुना फिटर जाणतो. पण ते पुस्तकात नसते. तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

हीच गोष्ट आज मला संगीताच्या एका नव्या साधनाविषयी सांगावयाची आहे.

संगणक स्वर निर्माण करतो तो असा. ध्वनी म्हणजे हवेची आंदोलने. क्षणोक्षणी हवेचा दाब किती असावा, याचे आकडे संगणक मोजून काढतो आणि ते ध्वनिवर्धकाकडे पाठवितो. एका सेकंदासाठी असे ४४,१०० आकडे काढण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. हा प्रयोग १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केला. पुढे १९८६ मध्ये बॅरी व्हर्को यांनी ‘सीसाउंड’ ही प्रणाली तयार केली. २००२ मध्ये रुमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी ‘झिनॲडसबएफएक्स’ हे संगणकी वाद्य सुरू केले. त्याला आपण येथे नुसते ‘झिन’ म्हणू. ही दोन्ही साधने मुक्त आहेत. ती कोणीही वापरावीत, आतील रचना वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी कायदेशीर मुभा आहे.

आता आपल्या पेटीचा प्रश्न घेऊ. प्रचलित पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्जाची दर सेकंदाला २४० आंदोलने धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणाऱ्या गंधाराचे प्रमाण ५/४, म्हणजे ३०० आंदोलने. पेटीचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ वर बोलतो. दोन्ही एकदम वाजविले तर पाच सेकंदांत सुमारे बारा हेलकावे ऐकू येतात. गवयाच्या कानाला खुपते ते हेच. १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, त्यामागील आक्षेपांपैकी हा एक होता. त्याआधी, १९१० साली, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले होते, आणि ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची निराळी पेटीही घडविली गेली. त्यासाठी निराळे सूर बसविलेले आख्खे वाद्य तयार करावे लागले.

आज त्याच कामाला चौदा ओळींची एक साधी फाईल पुरते. झिनमध्ये ‘स्केल्स’ या नावाखाली ‘मायक्रोटोनल’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की बारा सारख्या भागांचा नियम सुटतो आणि आपण दिलेले प्रमाण लागू होते. सीसाउंडमध्येही स्वरांचे असे कोष्टक करण्याची सोय आहे. तरीही हे साधन हाताळणारा माणूस तयार आवाज ऐकतो, दोन-चार बटणे फिरवितो आणि पुढे जातो. ती चौकट तशीच राहते.

‘स्काला’ नावाने ओळखली जाणारी ही फाईल अशी असते. पहिल्या ओळीत वर्णन, दुसरीत स्वरांची संख्या १२, आणि मग एकेका ओळीत कोमल ऋषभापासून तार षड्जापर्यंतची प्रमाणे: १६/१५, ९/८, ६/५, ५/४ आणि पुढे अखेरीस २/१. मूळ षड्ज लिहावयाचा नसतो. तो गृहीतच असतो. अपूर्णांकाऐवजी सेंट या मापात लिहिता येते. (सप्तकाचे १२०० सेंट.) मात्र गंधार ३८६ असा लिहिला तर घात होतो, कारण दशांशचिन्ह नसलेला आकडा प्रमाण मानला जातो, आणि षड्जाच्या ३८६ पट उंच सूर मागितला असे यंत्र समजते. ३८६.० असे लिहिले पाहिजे. एका टिंबासाठी शिकणाऱ्याचा दिवस जातो. आणि बहुधा तो यंत्राला नव्हे, स्वतःच्या बुद्धीला दोष देतो.

म्हणून लिहिणाऱ्याने काय लिहावे? सोय कोठे आहे, ती काय करते, ती चालली हे कानाने कसे ओळखावे, ती कोठे फसते, आणि साधनाच्या कोणत्या आवृत्तीवर हे पाहिले. जेथे मतभेद आहे तेथे तसे सांगावे. धैवत ५/३ धरला तर ४०० आंदोलने, २७/१६ धरला तर ४०५. कोणता घ्यावा हे गाणाऱ्याने आणि रागाने ठरवावे. टिपणाने दोन्ही वाटा दाखवाव्यात.

हे श्रम आहेत, आणि श्रमिकाचे नाव त्यावर असले पाहिजे. प्रणाली रचणाऱ्याचे कौतुक होते. ती दुसऱ्याच्या हाती चालती करून देणारा मात्र बहुधा अनामिक राहतो. मुक्त साधनांच्या चळवळीने २००० साली पुस्तिकांसाठीही मुक्त परवाना तयार केला, तो याच जाणिवेतून. किमान वेतनाचा कायदा छापून आला म्हणजे वेतन हाती पडत नाही. त्याचे कलम कामगाराला त्याच्या भाषेत समजवावे लागते. येथेही मुभा आहे, पण तिचा वापर ठाऊक नाही.

खाडीपलीकडे पवईला आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त साधनांचे छोटे बोलके पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले आहेत. तेव्हा वाट नवी नाही. वाशी-नेरुळच्या गायनवर्गातील एखाद्या शिक्षकाने आणि संगणक जाणणाऱ्या एखाद्या मुलाने एक रविवार एकत्र बसावे. तंबोरा लावावा, चौदा ओळी लिहाव्यात, गंधार जुळला की नाही ते ऐकावे, आणि जे केले ते अर्धे पान मराठीत लिहून खाली दोघांची नावे घालावीत.